तांबड्या पेशीवरची नोंद : यवतमाळची फवारणी आणि एका विकराचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, कीटकनाशक फवारण्याच्या कामाला ‘औषध मारणे’ म्हणतात, आणि ते विकणाऱ्या कृषी केंद्रांच्या पाट्यांवरही बियाणे व खते यांच्या शेजारी ‘औषधे’ हाच शब्द असतो. या शब्दाआड विषाचा जो साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे, तो सरकारी आदेशांत, चौकशी अहवालांत आणि २०१७ सालच्या मृत्यूंच्या वृत्तांतांत विखुरलेला सापडतो. मात्र त्याची आणखी एक नोंद याच काळात होत आली आहे, आणि ती कोणत्याही कार्यालयात ठेवलेली नाही. ती फवारणाऱ्या माणसाच्या तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर, तेथील एका विकराच्या, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या घटत्या प्रमाणात उमटते. ही नोंद कशी उमटते, ती वाचण्याची विद्या केव्हा सिद्ध झाली आणि जेथे तिची सर्वाधिक गरज होती तेथे ती वेळेवर का वाचली गेली नाही, याचा विचार करताना कापसाचा इतिहास आणि शरीरविज्ञानाचा इतिहास एकमेकांपासून वेगळे ठेवता येत नाहीत.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले, आणि त्यानंतर आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला, तेव्हा मुंबई बंदरामार्गे जाणाऱ्या वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व भाव आला. पुढे वणी या नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९०५ च्या फेररचनेत पुसद हा तालुका सामावून घेऊन यवतमाळ जिल्हा झाला. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद मापाची रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठीच टाकली गेली. या साऱ्या काळात शेतात होती ती देशी कपाशी. तिचा धागा आखूड असला तरी मुळे खोल जात, पावसाचा खंड ती सोसत असे आणि मावा-तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना ती सहसा बळी पडत नसे. बोंडअळीने काही बोंडे खाल्ली तर तो तोटा शेतकरी गृहीत धरी, कारण तो भरून काढण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते आणि उत्पादनखर्चही इतका नव्हता की तेवढ्या नुकसानीने घर बुडावे. फवारणी हा व्यवसाय, आणि पाठीवर पंप घेऊन रोजाने फवारणारा मजूर हा वर्ग, त्या काळच्या शेतीत अस्तित्वात नव्हता.

हे चित्र पालटले ते संकरित बियाण्याने. याच जिल्ह्यातील पुसद तालुक्यात, गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि संकरित ज्वारीपासून सुरू झालेला उत्पादनवाढीचा कार्यक्रम त्यांच्या कारकिर्दीचे प्रमुख अंग होते. १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झाले, १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांनी जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस, ‘एच-४’, प्रसृत केला, आणि १९७२ पासून राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. संकरित कपाशी लांब धाग्याची आणि भरघोस बोंडांची होती; पण खत मिळाल्यावर हिरवीगार होणारे तिचे मऊ पान किडींनाही तितकेच मानवत असे, म्हणून बियाण्याच्या पिशवीमागोमाग कीटकनाशकाचा डबा शेतात येणे अटळ झाले. एंड्रिन या क्लोरीनयुक्त विषाचे नाव ग्रामीण महाराष्ट्रात कोणत्याही कीटकनाशकाला चिकटले, रोगर आणि थायमेट ही व्यापारी नावे बोलीत रुळली, आणि १९९० च्या दशकापर्यंत अशी स्थिती आली की देशाच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी जेमतेम पाच टक्के क्षेत्रावर असलेली कपाशी एकूण कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी संपवू लागली. यांपैकी फार मोठा वाटा सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषांचा होता, आणि या गटाचा धागा थेट मज्जासंस्थेच्या संशोधनाशी जोडलेला आहे.

मज्जातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला आज्ञा देतो ती विजेच्या ठिणगीसारखी उडी मारून देतो की मध्ये एखादे रसायन सोडून देतो, हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभी अनिर्णित होता. १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे ओटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित करून त्याची गती मंदावली, आणि त्या हृदयातून काढलेला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला असता तेही मंदावले. अर्थात द्रवातून कोणता तरी पदार्थ निरोप घेऊन गेला होता. हा पदार्थ ॲसिटिलकोलिन असल्याचे पुढे निश्चित झाले. हेन्री डेल यांनी त्याच्या क्रियेचा अभ्यास केला होता, आणि १९३६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. अशा पदार्थांना रासायनिक दूत म्हणतात. दूताचे काम निरोप पोहोचताच संपले पाहिजे, अन्यथा स्नायू आखडलेलाच राहील आणि ग्रंथी झरतच राहील. म्हणून शरीरात ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर असते, आणि त्याचा एकेक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू तोडून टाकतो. लोवी आणि डेल यांना नोबेल मिळाले त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ नव्या कीटकनाशकाचा शोध घेत असताना ‘टाबुन’ या पदार्थापर्यंत पोहोचले. तो इतका जहाल निघाला की लष्कराने तो युद्धासाठी ताब्यात घेतला, आणि त्याच कुळातले पॅराथिऑन हे १९४० च्या दशकात शेतीसाठी तयार झाले. किडीला आणि माणसाला ही विषे मारतात ती एकाच रीतीने: ती विकराला घट्ट चिकटून त्याला निकामी करतात, दूत तोडला जात नाही, आणि मग डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगाला घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, स्नायूंची फडफड आणि अखेरीस श्वास कोंडणे अशी लक्षणे क्रमाने येतात.

भारताने या विषांचे स्वरूप शेतापूर्वी स्वयंपाकघरात पाहिले. १९५८ साली केरळात जहाजातून आलेले गव्हाचे पीठ वाहतुकीत पॅराथिऑनने दूषित झाले आणि शंभरांहून अधिक माणसे दगावली. या दुर्घटनेनंतर नेमलेल्या चौकशी आयोगापासून सुरू झालेल्या प्रक्रियेतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. त्या नियमांचे महत्त्व समजण्यासाठी मात्र तांबड्या पेशीकडे वळणे आवश्यक आहे.

तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नसते आणि कोणताही मज्जातंतू तिला जाऊन भिडत नाही. तरीही मज्जातंतूच्या टोकाशी असणारे नेमके तेच विकर तिच्या बाह्य पटलावर असते. १९४० साली ऑलेस आणि हॉज या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की रक्तात कोलिनेस्टरेज दोन प्रकारचे आहे, एक रक्तद्रवात आणि दुसरे तांबड्या पेशींवर, आणि यांतील दुसरेच मज्जासंस्थेतल्या विकराशी जुळते. ज्या पेशीला निरोप मिळतच नाही तिने निरोप पुसणारे साधन का बाळगावे, हा प्रश्न स्वाभाविक होता, आणि त्याचे उत्तर त्या काळच्या दुसऱ्या एका कोड्यात शोधले गेले. तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडे असते, बाहेरच्या रक्तद्रवात याच्या नेमके उलट असते. पाण्यात विरघळल्यावर विद्युतभार धारण करणाऱ्या या कणांना आयन म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रक्तपेढ्या सुरू झाल्यावर असे दिसून आले की थंडीत साठवलेल्या रक्तातील पेशींमधून पोटॅशियम हळूहळू बाहेर गळते, आणि १९४१ साली हॅरिस यांनी दाखवले की रक्त पुन्हा उबेला आणून त्याला ग्लुकोज मिळू दिले की ते आत परतते. म्हणजे पेशी हा समतोल सतत अन्न खर्चून राखत होती. तो राखणारी यंत्रणा कोणती हे अज्ञात होते.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस मार्गारेट ग्रेग आणि विल्यम हॉलंड यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशींवर प्रयोग करून असे प्रतिपादन केले की ॲसिटिलकोलिन आणि त्याला तोडणारे विकर यांचा खेळच पेशीच्या पटलाची पारगम्यता, म्हणजे त्यातून पदार्थ आरपार जाऊ देण्याची क्षमता, ठरवतो, आणि विकर थांबवले की पटल गळू लागते. हे मत काही वर्षे आकर्षक वाटले, कारण मज्जातंतूतही निरोप जातो तो सोडियम-पोटॅशियमच्या हालचालीनेच, आणि दोन कोडी एकाच किल्लीने सुटतील अशी आशा त्यात होती. परंतु मानवी पेशींवरील प्रयोगांत ते टिकले नाही: विकर बंद पडेल इतक्या मात्रेला आयनांची ये-जा फारशी बदलत नव्हती, आणि गळती दिसे ती त्याहून पुष्कळ मोठ्या मात्रेला. १९५७ साली डेन्मार्कचे येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूत सोडियम-पोटॅशियम पंपाचे विकर शोधले. त्याच वर्षी पोस्ट आणि जॉली यांनी मानवी तांबड्या पेशीत मोजून दाखवले की हा पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेतो. कुत्र्याच्या प्रौढ तांबड्या पेशीत तर हा पंपच नसतो, हेही पुढे निष्पन्न झाले, म्हणजे ग्रेग आणि हॉलंड यांनी निवडलेला प्राणीच या प्रश्नासाठी गैरसोयीचा होता. स्कोऊ यांना १९९७ साली नोबेल मिळाले, आणि तांबड्या पेशीवरचे ॲसिटिलकोलिनेस्टरेज पुन्हा एकदा बिनकामाचे ठरले.

रासायनिक दूतांचा तांबड्या पेशीच्या आयनांशी संबंधच नाही, असा याचा अर्थ मात्र होत नाही. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत ॲड्रिनॅलिनच्या कुळातले दूत पोहोचले की सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड यांची एकत्र वाहतूक वेगाने वाढते. ट्राउट माशाला प्राणवायू कमी पडला की हेच दूत त्याच्या तांबड्या पेशीतून हायड्रोजन आयन बाहेर काढून सोडियम आत घेणारी वाट उघडतात, पेशी फुगते आणि तिच्यातील हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरते. माणसात हा परिणाम सौम्य आहे, तरी प्रोस्टाग्लँडिन या दूताने पेशीत कॅल्शियम शिरू शकते, आणि कॅल्शियम वाढले की पोटॅशियम बाहेर सोडणारी एक वाट उघडते, तिच्यामागोमाग पाणी जाते आणि पेशी आक्रसते. ही वाट बुडापेस्टच्या ग्यॉर्गी गार्दोश यांनी १९५८ साली वर्णिली. नेमक्या त्याच वर्षी नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. सिकलसेल हा तांबडी पेशी विळ्यासारखी वाकवणारा आनुवंशिक आजार असून विदर्भात त्याचा मोठा पट्टा आहे, आणि यवतमाळही त्यात येते. आक्रसलेल्या पेशीत दोषयुक्त हिमोग्लोबिन दाट होऊन ती लवकर वाकते, त्यामुळे गार्दोश यांच्या वाटेला वैद्यकात महत्त्व आले. म्हणजे तांबडी पेशी दूतांचे काही निरोप खरोखर ऐकते. ज्या एका दूताला पुसण्याचे साधन तिच्यापाशी सर्वाधिक आहे, नेमक्या त्याच्याच बाबतीत ते साधन तिच्या मीठ-पाण्याच्या व्यवहारात लुडबूड करत नाही.

विकराच्या या अलिप्ततेलाच पुढे मोल आले. ज्याच्या बंद पडण्याने पेशीचे काही बिघडत नाही असे विकर बंद पडले तरी पेशी रक्तात फिरत राहते, आणि शिरेतून काढलेल्या थोड्या रक्तात, मज्जातंतूला हात न लावता, मज्जातंतूवर काय गुदरले आहे याचा अंदाज घेता येतो. केंद्रक नसल्यामुळे तांबडी पेशी नवे विकर बनवू शकत नाही. एकदा कायमचे निकामी झालेले विकर भरून निघते ते अस्थिमज्जेतून नव्या पेशी येतील तसतसे, म्हणजे दिवसाला साधारण एक टक्का या गतीने, कारण पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. रक्तद्रवातले कोलिनेस्टरेज यकृत नव्याने बनवते आणि काही आठवड्यांत ते पूर्ववत होते. तांबडी पेशी मात्र आधीच्या तीन-चार महिन्यांत शरीरात गेलेल्या विषाची बेरीज जपून ठेवते. १९४९ साली मिशेल यांनी हे विकर मोजण्याची पद्धत दिली, आणि १९६१ साली एलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी रीत शोधली की विकर जितके कार्यक्षम तितका द्रावणाला पिवळा रंग चढतो, त्यामुळे साध्या रंगमापकावरही ही तपासणी शक्य झाली.

भारतातील नियमकर्त्यांना हे सारे ठाऊक होते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत कीटकनाशके हाताळणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे, आणि सेंद्रिय फॉस्फरस व कार्बामेट गटातील विषांशी संबंध येणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज ठरावीक काळाने मोजावे असे त्यात म्हटले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने शेतातील फवारणाऱ्यांसाठी अशी तपासणी १९७४ साली सक्तीची केली. म्हणजे तत्त्वाच्या बाबतीत भारत मागे नव्हता. अडचण होती ती नियमाच्या रचनेत. नियमाला मालक आणि नोकर हवे होते, हजेरीपट हवा होता, तपासणीचा खर्च उचलणारी संस्था हवी होती. यवतमाळच्या शिवारात फवारणारा माणूस हा कधी स्वतः शेतकरी, कधी त्याचा मुलगा, आणि पुष्कळदा आज एकाच्या तर उद्या दुसऱ्याच्या शेतात पंपाच्या हिशेबाने जाणारा भूमिहीन मजूर असतो. त्याला नोकर म्हणून कोठे नोंदवलेले नसते, म्हणून तपासणीचा नियम त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. डब्यावरचा लाल त्रिकोण अतिविषारी म्हणून ओळखायचा हे सांगणारे माहितीपत्रक बारीक टायपात असे, आणि कोणते औषध किती मिसळायचे हे बहुधा कृषी केंद्राचा दुकानदारच ठरवी.

२००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार होऊ लागल्याने फवारणी काही वर्षे खरोखर घटली. पण रस शोषणाऱ्या किडींवर त्या प्रथिनाचा परिणाम होत नव्हता, बाजारात आलेल्या शेकडो संकरांपैकी पुष्कळ वाण त्यांना बळी पडणारे होते, आणि पुढे गुलाबी बोंडअळीनेही प्रतिकारशक्ती मिळवली. २०१७ च्या हंगामात या साऱ्या गोष्टी एकत्र आल्या. पऱ्हाटी अनेक ठिकाणी माणसाच्या उंचीला पोहोचली होती, त्यामुळे फवारा खाली पानांवर पडण्याऐवजी डोक्याच्या पातळीवर उडत होता. हातपंपाहून अधिक दाबाने बारीक तुषार उडवणारे पंप आले होते. दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची पद्धत रूढ झाली होती. आणि उकाड्यात घामाने भिजलेल्या त्वचेतून, पाठीवर झिरपणाऱ्या पंपातून विष सहज आत जात होते. जुलैपासून सुरू झालेल्या विषबाधेच्या घटना ऑगस्ट-सप्टेंबरात वाढत गेल्या, आणि यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले, तर आठशेहून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

चौकशीसाठी नेमलेल्या विशेष पथकापुढे जे मुद्दे आले त्यांत एक असा होता की कोलिनेस्टरेज तपासण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध नव्हती. या उणिवेचे गांभीर्य उपचाराच्या क्रमात आहे. ॲट्रोपिन हे ॲसिटिलकोलिनचा परिणाम रोखते, आणि १९५० च्या दशकात शोधलेले प्रॅलिडॉक्सिम हे विकराला चिकटलेले विष सोडवते, पण ते चिकटणे काही काळाने कायमचे होते आणि मग प्रॅलिडॉक्सिमचा उपयोग उरत नाही; म्हणून विष कोणत्या गटाचे हे लवकर कळणे आवश्यक असते. त्यातच यवतमाळचे विष एकजात नव्हते. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने यवतमाळसह पाच जिल्ह्यांत ज्या पाच कीटकनाशकांची विक्री ६० दिवसांसाठी थांबवली, त्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि प्रोफेनोफॉसचे मिश्रण ही सेंद्रिय फॉस्फरसची होती, तर डायफेन्थियुरॉन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण वेगळ्या रीतीने काम करणारे होते. इमिडाक्लोप्रिड विकराला हात लावत नाही, ते ॲसिटिलकोलिन जेथे उतरते त्या जागेवरच दूताचे सोंग घेऊन बसते. डायफेन्थियुरॉन पेशीच्या ऊर्जानिर्मितीवर घाला घालते. अशा रुग्णाचे कोलिनेस्टरेज जवळजवळ नेहमीसारखे दिसू शकते, म्हणजे तांबड्या पेशीवरची नोंद खरी असली तरी ती एका विषकुळापुरतीच आहे. तरीही ती असती तर कोणाला कोणते विष लागले याची पहिली चाळणी झाली असती, आणि हंगामाच्या आरंभापासून ठेवली असती तर कोणत्या मजुराने फवारणी थांबवावी हे तो कोसळण्यापूर्वी सांगता आले असते. कॅलिफोर्नियातील तपासणीचा हेतू नेमका हाच आहे: माणसाचे स्वतःचे हंगामापूर्वीचे प्रमाण मोजून ठेवणे, आणि ते ठरावीक मर्यादेखाली घसरले की त्याला त्या कामावरून दूर करणे.

जुलै ते ऑक्टोबर हा यवतमाळच्या कपाशीवरील फवारणीचा मुख्य काळ सुमारे १२० दिवसांचा भरतो, आणि तांबड्या पेशीचे आयुष्यही तेवढेच असते. पोळ्याच्या आधी रक्तात उतरलेली पेशी दिवाळीनंतर नष्ट होते तेव्हा तिने एका हंगामाचा हिशेब पूर्ण केलेला असतो. ज्या विकराला शास्त्रज्ञांनी एकदा आयनांचा द्वारपाल मानले आणि नंतर बिनकामाचे म्हणून सोडून दिले, त्याच्यावर १९७१ साली कायद्याने मजुराच्या रक्षणाचे काम सोपवले होते. पंपाच्या हिशेबाने फवारणारा मजूर त्या कायद्याच्या हजेरीपटावर नसल्याने हिशेब दरवर्षी पेशीबरोबरच मोडीत निघत राहिला.